टेलच्या माणसाला विचारा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळावा, गेवराई येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)

व्यासपीठावरचे आपले सगळे सर आणि बाई, समोर बसलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, आणि इथे नसूनही हे ऐकत असलेल्या सगळ्यांनो, नमस्कार.

'इथे नसूनही' असं मी उगाच म्हटलं नाही. माइकवाल्या दादांच्या मिक्सरशेजारी एक पांढरी डबी ठेवलीय, बघा. कंपासपेटीत मावेल एवढी आहे. तिला एक वायर मिक्सरची आणि एक पॉवर बँकेची लावलीय. मी आत्ता जे बोलतेय ते त्या डबीतून बाहेर जातंय. आपल्यातले काहीजण पुण्या-नाशकात ऐकतायत, एकजण दुबईत ऐकतोय, आणि काहीजण कर्नाटकात अथणीच्या बाजूला उसाच्या फडात ऐकतायत.

संयोजकांनी मला विषय दिला होता, 'आयटी क्षेत्रातील माझी वाटचाल'. त्यात सांगण्यासारखं फार नाही. मार्च १९९६ ला इथून दहावी झाले, पुढे औरंगाबादला इंजिनिअरिंग केलं, आणि गेली वीसेक वर्षं पुण्यात बसून दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधते. आज मात्र मी माझी स्वतःची एक चूक सांगणार आहे. ती मागच्या वर्षी इथेच, गेवराईत, झाली. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या डोळ्यांदेखत झाली आणि कुणालाच कळली नाही.

मागच्या डिसेंबरात आपण सरांचा अमृतमहोत्सव केला. कार्यक्रम आठ दिवसांत ठरला. ज्यांना येता येणार नव्हतं त्यांनी ग्रुपवर विचारलं, 'आम्हाला ऐकता येईल का?' मी म्हटलं, 'त्यात काय, माझं रोजचंच काम आहे.'

त्यात माझी एक बाकावरची मैत्रीण होती. पाचवी ते नववी आम्ही एका बाकावर बसलो. तिचं नाव घेणार नाही, कारण तिने फोनवर बजावलंय, 'माझं नाव घेशील तर मुकादमापासून सगळे चिडवतील.' नववीनंतर ती शाळेत आली नाही. घरच्यांनी उचल घेतलेली होती, दिवाळीनंतर गाडी भरली, त्यात तीही गेली. पुढे लग्न झालं आणि ती नवऱ्याबरोबर कोयत्यावर जायला लागली. आपल्याकडे नवराबायको मिळून 'एक कोयता' मोजतात, हे इथल्या कुणाला समजावून सांगायला नको. गणितात ती माझ्यापुढे होती, हे मात्र सांगायला हवं.

आता व्हिडिओ का नाही, फक्त आवाजच का, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. साधा हिशेब आहे. बोलणं कळण्यापुरता आवाज सेकंदाला ३२ हजार बिटांत बसतो. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला ४ हजार बाइट, तासाला १४ एमबीच्या आसपास. चार तासांचा कार्यक्रम ६० एमबीच्या आत होतो. व्हिडिओ अगदी धूसर पाठवला, सेकंदाला ५ लाख बिटांचा, तरी तासाला २२५ एमबी जातात. फडातल्या माणसाचा डेटा, फोनची बॅटरी आणि तिथली रेंज, तिन्ही तोलून मापून वापरायच्या गोष्टी आहेत. आवाज असा पाठवला की नुसत्या लिंकवर टिचकी मारायची, ॲप घ्यायचं नाही, नाव नोंदवायचं नाही.

हे काम करणारे दोन प्रोग्राम आहेत, दोन्ही फुकट आणि दोन्ही लिनक्सवर चालणारे. लिनक्स म्हणजे १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलेली आणि मग जगभरच्या लोकांनी मिळून वाढवलेली यंत्रणा. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या तळाशीही तीच आहे. पहिला प्रोग्राम डार्कआइस. तो माइकचा आवाज घेतो, दाबून लहान करतो आणि पुढे पाठवतो. दुसरा आइसकास्ट. तो हा एक प्रवाह घेतो आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला त्याची धार सोडतो. १९२७ मध्ये मुंबईत रेडिओ केंद्र सुरू झालं तेव्हा त्यासाठी अख्खी कंपनी उभी करावी लागली होती. आज ते काम एका लॅपटॉपवर होतं.

पुण्यात घरी मी चाचणी घेतली. चाचणीला म्हणून लॅपटॉपवर एक अभंग लावला. आई आतल्या खोलीत फोन कानाला लावून बसली. अभंग खणखणीत ऐकू आला. मी लॅपटॉप बंद केला आणि गेवराईची गाडी धरली.

इथे आले, मिक्सरची वायर लॅपटॉपला जोडली, दोन्ही प्रोग्राम सुरू केले. पडद्यावर सगळं ठीक दिसत होतं. 'श्रोते : ११' असा आकडा आला. मला भरून आलं. मी पहिल्या रांगेत जाऊन बसले.

पाच मिनिटांत मैत्रिणीचा मेसेज. 'काहीच आयकू येईना गं.'

मी लिहिलं, 'रेंज नसेल तिकडं. जरा उंचावर जाऊन बघ.'

थोड्या वेळाने, 'उसाच्या ट्रॉलीवर चढले. आकडं पळाया लागलेत, आवाजच नाही.'

मी लिहिलं, 'फोन बंद करून चालू कर.' मग, 'डेटा संपला का बघ.' मग, 'तुझा फोन जुना आहे, त्यामुळे असेल.' इतर दोघांचेही मेसेज आले. त्यांनाही मी तेच लिहिलं.

सरांचं भाषण संपत आलं तेव्हा तिचा शेवटचा मेसेज आला. 'जाऊ दे. सर काय बोलले ते मागनं सांग.'

त्या दिवशी सर काय बोलले ते तुम्हाला आठवत असेल. आठवीतलं विजेचं प्रात्यक्षिक सरांनी सांगितलं. सेल, वायर, बटण आणि बल्ब. बल्ब लागेना. आम्ही सगळे ओरडलो, 'सर, बल्ब गेलाय!' दुसरा बल्ब लावला, तोही लागेना. तेव्हा एक मुलगी पुढे आली. सेलपासून निघून वायरवरून तिने बोट फिरवलं, आणि मधेच थांबून म्हणाली, 'सर, इथं आतून तुटलीय.' वरचं प्लॅस्टिक शाबूत होतं, आतली तार तुटलेली होती. सर म्हणाले, 'इतकी वर्षं शिकवलं, पण न सांगता सेलपासून सुरुवात करणारी तेवढी एकच मुलगी बघितली.' सरांनी तिचं पूर्ण नाव घेतलं. तिसेक वर्षांनी, आडनावासकट.

ती मुलगी त्या वेळी अथणीजवळ ट्रॉलीवर उभी राहून फोन कानाला लावत होती, आणि मी तिला सांगत होते की तुझा फोन जुना आहे.

रात्री मी रेकॉर्डिंग उघडलं. डार्कआइस पाठवतो त्याची एक प्रत लॅपटॉपवरही ठेवायला मी सांगितलं होतं. म्हटलं, निदान तिला सरांचं भाषण पाठवू. फाइल दोन तास चार मिनिटांची होती, आणि ते दोन तास चार मिनिटं त्यात पूर्ण शांतता होती.

दोष कुठे होता ते सांगते. लिनक्समध्ये आवाज आत घ्यायच्या वाटांची एक यादी असते. त्यात माइकची वाट असते, तशी 'मॉनिटर' नावाचीही एक असते. संगणक स्वतः जे वाजवतोय तेच पुन्हा आत घ्यायचं असेल तर ही वाट वापरतात. घरी मी लॅपटॉपवरचाच अभंग पाठवत होते, म्हणून वाट मॉनिटरची ठेवली होती. इथे येऊन मिक्सरची वायर लावली, पण वाट बदलायची विसरले. लॅपटॉप त्या वेळी काहीच वाजवत नव्हता. त्यामुळे त्याने ते 'काहीच नाही' इमानदारीने आत घेतलं, दाबून लहान केलं आणि अकरा जणांना पोचवलं. त्याच्या दृष्टीने काहीही बिघडलेलं नव्हतं.

मला खरी बोच वेगळीच आहे. विसरणं कुणाच्याही हातून होतं. पण मैत्रिणीने मला अचूक लक्षण सांगितलं होतं, 'आकडं पळाया लागलेत, आवाजच नाही.' रेंज नसती तर आकडे थांबले असते, नुसतं चाक फिरत राहिलं असतं. आकडे पळतायत याचा अर्थ माल पोचतोय, पण माल रिकामा आहे. म्हणजे दोष तिच्याकडे नाही, माझ्याकडे आहे. कामावर एखाद्या ग्राहकाने मला हे वाक्य लिहिलं असतं तर मी एका मिनिटात ओळखलं असतं. तिने लिहिलं तेव्हा मी ते वाचलंच नाही. मी 'फड' वाचलं आणि 'रेंज नाही' ठरवून मोकळी झाले.

आणि एकदाही मी स्वतःच्या फोनवर लिंक उघडून ऐकलं नाही. का? कारण मी पहिल्या रांगेत बसले होते. मला सर ऐकू येत होते. मला ऐकू येतंय म्हणजे सगळ्यांना ऐकू येतंय, असं मी धरून चालले.

घरी गेल्यावर वडिलांना हे सांगितलं. ते हसले. आमचं शेत चारीच्या टेलला आहे, हे तुमच्यातल्या काहींना माहीत आहे. जायकवाडीचा उजवा कालवा पैठणहून निघतो आणि आपल्या तालुक्यातून पुढे माजलगावकडे जातो, १३२ किलोमीटर. त्याच्या वितरिका, त्यांच्या चाऱ्या, आणि चारीच्या अगदी शेवटी आम्ही. वडील म्हणाले, 'पाणी सोडलंय असं वरचा माणूस सांगतो, ते खोटं नसतं. पण सोडलंय आणि पोचलंय हे दोन वेगळे शब्द आहेत. पोचलंय का, ते टेलच्या माणसाला विचारावं.' आणि पाणी आलं नाही की वडील काय करायचे? खोरं खांद्यावर टाकून चारीच्या काठाने चालत निघायचे. इथे आहे का? इथे आहे का? कुठे घुशीचं बीळ, कुठे गवत अडकलेलं. जिथवर पाणी आहे आणि जिथून पुढे नाही, त्या दोन पावलांमध्येच दोष असतो.

सरांनी आठवीत सांगितलं तेही हेच होतं. सेलपासून निघा, बल्बपर्यंत या, मधे उडी मारू नका. मला दोघांनी शिकवलं होतं, तरी मी उडी मारून थेट बल्बलाच दोष दिला.

यंदा मेळावा ठरला तेव्हा मी तीन महिने आधी कामाला लागले. लॅपटॉप बाजूला ठेवला आणि ही डबी घेतली. हिचं नाव रास्पबेरी पाय. २०१२ मध्ये इंग्लंडात मुलांना प्रोग्रामिंग शिकवायला म्हणून निघालेला हा छोटा संगणक आहे. मग आवाजाच्या वाटेवर काठाकाठाने चालत निघाले. वाटेत जी बिळं सापडली, ती थोडक्यात सांगते. आपल्या शाळेतल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला उद्या हे करायचं झालं तर उपयोगी पडेल.

पहिलं बीळ. या डबीला माइक लावायची जागाच नाही. यूएसबीचं छोटं साउंड कार्ड लावावं लागतं. ते लावलं, 'अरेकॉर्ड' नावाच्या आज्ञेने यादी मागितली, कार्ड दिसलं, क्रमांक एक. तोच क्रमांक प्रोग्राममध्ये लिहिला. चाललं. दुसऱ्या दिवशी डबी बंद करून चालू केली, तर कार्ड सापडेना. आता त्याचा क्रमांक दोन झाला होता, कारण टीव्हीच्या वायरचं कार्ड आधी जागं झालं होतं. आपल्या रोल नंबरासारखंच आहे हे. दर वर्षी नंबर बदलतो, नाव तेच राहतं. म्हणून क्रमांकाऐवजी कार्डचं नाव लिहिलं. पुन्हा कधी चुकलं नाही.

दुसरं बीळ. 'चॅनेल्स काउंट नॉन अव्हेलेबल' अशी तक्रार आली. मी डावा-उजवा असे दोन आवाज मागत होते, आणि त्या स्वस्तातल्या कार्डाला एकच कान होता. लिनक्सच्या आवाजाच्या भागाला अल्सा म्हणतात. अल्साशी दोन प्रकारे बोलता येतं. 'एचडब्ल्यू' लिहिलं की थेट यंत्राशी गाठ, यंत्राला जमतं तेवढंच मिळणार. 'प्लगएचडब्ल्यू' लिहिलं की मधे दुभाषा बसतो आणि एकाचे दोन, दोनाचा एक करून देतो. भाषणाला एक कान पुरतो. मी मागणंच एकाचं केलं.

तिसरं बीळ यंत्रात नव्हतं, हक्कात होतं. मी समोर बसून प्रोग्राम चालवला की चालायचा. डबी सुरू झाल्यावर आपोआप चालेल असं ठेवलं की बंद. कारण आपोआप चालतो तेव्हा तो माझ्या नावाने चालत नाही, दुसऱ्या एका वापरकर्त्याच्या नावाने चालतो, आणि त्या वापरकर्त्याला साउंड कार्डाला हात लावायची परवानगी नव्हती. लिनक्समध्ये त्यासाठी 'ऑडिओ' नावाचा एक गट असतो. त्या गटात नाव घातलं, काम झालं. शिवाय नेट जोडलं जाईपर्यंत थांब आणि बंद पडलास तर स्वतःच पुन्हा उठ, अशा दोन सूचना लिहून ठेवल्या.

चौथं बीळ. मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना मिळून बाहेरचा एकच पत्ता वापरतात. वसतिगृहासारखं समजा. आतून कुणीही बाहेर पत्र टाकू शकतो, पण बाहेरच्याला थेट आपल्या खोलीचं दार ठोठावता येत नाही. म्हणून आइसकास्ट या डबीत ठेवून उपयोग नाही. मुंबईत एक छोटा सर्व्हर भाड्याने घेतला आणि आइसकास्ट तिथे ठेवला. डबी आतून बाहेर आवाज पाठवते, आणि ऐकणारे सगळे मुंबईच्या दारात जातात. तिथे एक गोष्ट आवर्जून करा, आधीचा पासवर्ड बदला. आइसकास्टच्या नमुन्याच्या फाइलमध्ये पासवर्ड म्हणून चक्क 'हॅकमी' लिहिलेलं असतं. लिहिणाऱ्यांनी इशारा म्हणूनच तसं लिहिलंय, तरी लोक तसंच ठेवतात.

पाचवं बीळ मला सापडलं नाही. ते माइकवाल्या दादांनी शोधलं. परवा रंगीत तालीम घेतली तर आवाजामागे सारखी घूं घूं. मी दोन तास सेटिंग बदलत होते. दादा चहा पीत पीत आले आणि म्हणाले, 'ताई, त्याचा चार्जर काढून बघा.' चार्जर काढला, पॉवर बँक लावली, घूं घूं गेली. मिक्सर आणि डबी दोघांनाही भिंतीतली वीज, आणि दोघांत वायर जोडलेली, त्या फेऱ्यातून वीजच गुणगुणत होती. लाइट गेली तरी आता डबी चालू राहील, म्हणजे एका पॉवर बँकेने दोन दुखणी गेली. मिक्सरचा आवाज कार्डाला झेपत नव्हता, तोही दादांनीच खाली आणून दिला. दादांनी इंजिनिअरिंग केलेलं नाही. पण मांडवात तारा ओढण्यात त्यांची हयात गेलीय.

सहावं आणि शेवटचं बीळ सांगण्याआधी गेटकडे बघा. पिंपळाखाली एक मुलगी कानात इअरफोन घालून बसलीय. ती माझ्या मैत्रिणीची मुलगी. आईवडील फडावर, ही गावात आजीजवळ राहते, यंदा दहावीला आहे. मागच्या वर्षीच्या अनुभवानंतर मी एक नियम केला. या मांडवातल्या कुणाच्याही सांगण्यावर विश्वास ठेवायचा नाही, माझ्या तर नाहीच. आवाज पोचला की नाही हे बाहेर बसून, स्वतःच्या मोबाइल डेटावर ऐकणारा माणूस सांगेल. ती आमची टेलची माणूस. तिने हात वर केला की कार्यक्रम थांबायचा, मग बोलणारे कुणीही असोत.

तालमीत तिने तीनदा हात वर केला. तिसऱ्या वेळी म्हणाली, 'मावशी, तुम्ही बोलायचं थांबलात की पंख्याचा आवाज मोठा होतो. तुम्ही बोलायला लागलात की परत बारीक होतो.' पंखा तर एकाच वेगाने फिरत होता. साउंड कार्डात आवाज आपोआप कमीजास्त करायची एक सोय असते, शांतता झाली की ती कान टवकारते आणि पंखा मोठा करते. 'अल्सामिक्सर'मध्ये जाऊन ती बंद केली. मला हे जन्मात कळलं नसतं, कारण मी मांडवात होते. तिने ऐकलं आणि जसं ऐकलं तसं सांगितलं, कारण ठरवून नाही. तिची आई आठवीत हेच करायची.

आणखी एक गंमत. कुणी नव्याने ऐकायला आलं की आइसकास्ट त्याला आधीचा ६४ हजार बाइटांचा साठा एकदम देतो, मधेच रेंज तुटली तरी खंड पडू नये म्हणून. सेकंदाला ४ हजार बाइट या हिशेबाने तो सोळा सेकंदांचा होतो. म्हणजे मी आत्ता जे बोलले ते अथणीला निदान सोळा सेकंदांनी पोचेल. तुम्ही इथे हसाल आणि तिकडे ते नंतर हसतील. माझी हरकत नाही. उशिरा पोचलं तरी पोचलं.

आता दोन विनंत्या करते आणि थांबते.

पहिली संयोजकांना. आपण आपल्या बॅचची यादी केली ती दहावीच्या निकालावरून. त्या यादीत माझी मैत्रीण नाही. मागच्या वर्षीपर्यंत ती आपल्या ग्रुपवरही नव्हती. मी घातलं तेव्हा कुणीतरी प्रेमानेच विचारलं होतं, 'ही आपल्या बॅचची का?' मला वाटतं, इथेही आपण पहिल्या रांगेत बसून मोजलं. पाचवीचा हजेरीपट काढा. चकलांबा, उमापूर, तलवाड्याकडून एसटीने येणारी, सातवीत गळालेली, आठवीत लग्न झालेली, नववीत गाडीत बसून गेलेली, सगळी नावं त्यात सापडतील. पुढच्या मेळाव्याचं निमंत्रण त्या यादीवरून काढा.

दुसरी विनंती शाळेला. ही डबी मी परत नेणार नाही. ती शाळेची. सर्व्हरचं भाडं मी भरेन. कसं चालवायचं ते मराठीत चार पानांवर लिहून दिलंय, आणि आठवी-नववीच्या चार मुलांनी तालमीत ती स्वतः जोडूनही दाखवलीय. लिनक्स शिकायला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे मराठीतले धडे फुकट मिळतात, त्यांना तेही दाखवा. आणि सुरुवात २६ जानेवारीपासून करा. २६ जानेवारी दर वर्षी ऊसतोडीच्या हंगामातच येते. झेंडावंदनाला आपल्याच गावातली मुलं भाषणं करतात, आणि त्यांतल्या कित्येकांच्या आईवडिलांनी ती आजवर कधी ऐकलेली नाहीत.

सर, तुमच्यानंतर मी बोलायला नको होतं, पण पत्रिकेत मला आधी ठेवलंय ते बरं झालं. मला तुम्हाला एक विचारायचंय. मागच्या वर्षी तुम्ही बल्बाची गोष्ट सांगितली होती. ती तुम्ही आज पुन्हा सांगाल का? नावासकट सांगा. तिने मला नाव घेऊ नकोस म्हटलंय, तुम्हाला म्हटलेलं नाही. या वेळी ती ऐकतेय.

एकदा गेटकडे बघून घेते. हात खाली आहे.